किती राहिलं, ते विचारू नये

सायकलवर गावोगाव फिरणारा, रानात तंबू ठोकून राहणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं काय आलं ते मले माहीत आहे. दाढी. उन्हानं रापलेला चेहरा. पिंढऱ्या अशा की टिचकी मारली तर टणकन वाजल्या पाहिजे. नजर दूर कुठंतरी लागलेली. झालं? आता हे सगळं पुसून टाका. दाढी पुसा, पिंढऱ्या तर आधी पुसा. नजर तेवढी दूर लागलेली राहू द्या, कारण काकाले जवळचं दिसतच नव्हतं.

काका म्हणजे माहे घरमालक. ठेंगणे, पोट जरासं पुढं, डोक्याले बारा महिने मफलर. खाली खाकी हाफपँट, तीही अशी घेरदार की एका पायात दोन काका मावले असते. कुत्र्याले भीत, पाण्याले भीत, आन पालीले तर इतके भीत की घरात पाल निघाली की सायकल काढत. काकूचं म्हणणं होतं, या माणसाले रानाचा शौक लागला तो तिथूनच.

मी काटोलचा. कालेजसाठी नागपूरले आलो तेव्हा धंतोलीत त्यांच्या घरामागची खोली पाहाले गेलो. धंतोलीत ज्या घरावर पाहा त्या घरावर डाक्टरची पाटी. काकाच्याच घरावर नव्हती, म्हणून डाक्टरचा पत्ता विचाराले सगळे पेशंट पहिले तिथंच येत. काका त्याले पाणी देत, पत्ता सांगत, आन पेशंट चालता-फिरता असला तर विचारत, "सायकल चालवता काय?"

मलेही तेच विचारलं.

"सायकल आहे काय?"

"हव."

"पंक्चर काढता येते काय?"

"नाही जी."

"मंग कालेजात काय शिकून राहिला तू?"

खोली मिळाली. भाड्याचं काही बोलणंच झालं नाही, ते काकू पाहत. काकाची अट एकच होती: दसऱ्यापासून होळीपर्यंत शनिवारी दुपारी सायकल काढाची, रात्री रानात राहाचं, रविवारी परत. काकाची कचेरी शनिवारी अर्धा दिवस असे. काका टाइपरायटरवरून शेवटचा कागद ओढत आन तसेच घरी येऊन हाफपँट चढवत. माह्या आधीचे भाडेकरू म्हणे या अटीपायीच पळाले. मी टिकलो, कारण मले नकला कराचा नाद होता आन असा माल मले दुसरीकडं मिळाला नसता. काका कोणाचंच नाव घेत नसत, गावाच्या नावानं हाक मारत. मी 'काटोल'. माह्या आधीचा 'पुसद' होता, त्याच्या आधीचा 'आर्वी'.

काकाच्या हिशेबानं सायकलवाले दोनच जातीचे: शिकाऊ आन शौकीन. "शिकाऊ म्हणजे काय, काटोल? ज्याले आपलं बूड दुखून राहिलं हे सांगाले लाज वाटत नाही तो. आन शौकीन म्हणजे ज्याले वाटते तो. बाकी दुखते दोघायचंही."

शिकवणी मात्र कडक होती. जाच्या आदल्या दिवशी सगळं सामान खाटेवर मांडाचं. काका कमरेवर हात ठेवून उभे.

"अर्धं काढ."

मी काढे.

"आता उरलं त्याच्यातलं अर्धं काढ."

तेही काढे.

"आता जे उरलं ते पाहून रडू येऊन राहिलं काय?"

"हव काका."

"मंग बरोबर आहे. बांध."

बांधाचंही एक शास्त्र होतं. ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यायनं कॅरियरले सामान असं आवळाचं की सायकल आडवी झाली तरी सामानानं हलू नये. मंग ती भरलेली सायकल घेऊन अंगणात तुळशीभोवती फेऱ्या माराच्या. मी आन काका असे एकामागं एक तुळशीभोवती फिरून राहिलो की शेजारच्या दवाखान्यातले पेशंट गच्चीवरून पाहत. एका बाईनं तर तिकडूनच हात जोडले होते.

रस्त्यावर काका सुरुवातीले इतके हळू चालवत की पायी चालणारा माणूस आमच्याशी बोलत बोलत सोबत येई. मी पुढं पळालो की मागून आवाज येई, "पहिल्या दिवशी जोर दाखवणारा दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसलेला दिसते, काटोल." चढ आला की खाली उतरून सायकल हातात धरत. मले आधी वाटे दम लागला. एकदा विचारलं तर म्हणाले, "तिनं आपल्याले इथवर आणलं. एखादा चढ आपण तिले नेलं तर काय झिजते?" दम लागलाच होता, पण बोलणं ऐकून मीही उतरलो.

खिशात शिळ्या भाकरीचे तुकडे. गावकुसाचं कुत्रं अंगावर आलं की तुकडा फेकाचा आन म्हणाचं, "घे बाप्पा, जाऊ दे." काही गावातली कुत्री पुढं पुढं काकाची घंटी ओळखत आन रांगेनं बसत. काका घाबरतच, पण वाटून जात.

तंबूची गोष्ट सांगतो. काकाचा तंबू काकाच्याच हातचा, घरच्या मशीनवर शिवलेला. कापड म्हणजे एका मंडप-डेकोरेशनवाल्याचा फाटका शामियाना. लाल-पिवळे पट्टे, कडेले झालर, आन दाराच्या बरोबर वर कापडात कापलेलं 'स्वागतम्'. ते उसवा म्हणून काकू मागं लागली, तर काका म्हणाले, "काहून? खोटं आहे काय?"

उमरेडच्या रस्त्यावर एका गावाबाहेर तो तंबू उभा केला. काका कोणाच्याही वावरात न विचारता पाय टाकत नसत. बांधावर उभं राहून आधी हाक मारत, "कोणी आहे काय गा?" शेताचा मालक आला, हव म्हणाला आन गेला. घडीभरात त्या मालकाच्या मागं एक म्हातारा आला, तंबू पाहून म्हणाला, "लग्न कोणाकडचं हो?" काका म्हणाले, लग्न नाही. म्हाताऱ्याले पटलं नाही. मंग पोट्टे आले, मंग बाया आल्या, आन पोट्टे तर सरळ ओळीनं मांडी घालून बसले. 'स्वागतम्' वाचता येणारं एक पोट्टं बाकीच्यायले वाचून दाखवून राहिलं होतं.

मी म्हटलं, "काका, यायले सांगा ना काही."

काका त्या ओळीकडं पाहत उभे. "काय सांगू? पोट्टे बसले ना."

आम्ही आणलेल्या सगळ्या कणकीचे पानगे केले. पानगे म्हणजे पळसाच्या दोन पानायच्या मधात कणकेची जाड चकती ठेवून गोवऱ्यायच्या आरात भाजाची. एकेक तुकडा एकेका हातावर. ते पाहून बाया घरी गेल्या आन वांग्याची भाजी, ठेचा, कोणी ताक असं घेऊन आल्या. नवरा नाही, नवरी नाही, आन पंगत अशी झाली की म्हातारा जाताना काकाले म्हणाला, "चांगलं केलं लग्न." काका म्हणाले, "या पुन्हा."

दुसरी गोष्ट धंतोलीची. काकाचा नियम होता, तंबू ठोकाच्या आधी त्या जाग्यावर स्वतः झोपून पाहाचं. हातपाय पसरून, डोळे मिटून, चांगला वेळ लावून. "डोळ्याले जमीन सपाट दिसते, पाठीले खरं कळते." एकदा मी पाणी आणाले गेलो होतो आन काका असे मोहाच्या झाडाखाली पाठीले खरं विचारत पडलेले. तितक्यात बैलबंडीवाले दोघं तिकडून चालले. त्यांनी पाहिलं, माणूस उताणा पडला आहे, मफलर सुटलेला, हाफपँट फुगलेली. उतरले, हलवलं. काकांनी डोळे उघडले.

"कुठचे तुम्ही?"

"धंतोलीचा."

आता विदर्भातला कोणताही माणूस धंतोलीत एकाच कामानं जाते. त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एक हळूच म्हणाला, "पळून आला वाटते." आन काका पुढं काही बोलाच्या आत त्यायले उचलून बंडीत घातलं. मी पाणी घेऊन आलो तर काका बंडीतून चाललेले आन बंडीवाला त्यायले समजावून राहिला, "डाक्टर काही करत नाहीत बाबाजी, घाबराचं नाही. सुई टोचतात अन् सोडतात." काका ओरडत होते ते वेगळंच: "अरे, जागा चांगली होती रे ती, दगड नव्हता एकही."

मी मागं पळालो, सांगितलं. बंडीवाल्यांनी मले विचारलं, "तू कुठचा?" मी म्हटलं, "धंतोली." त्यांनी मलेही बस म्हटलं.

तर असे काका. आता ताईचं सांगतो.

ताई म्हणजे काकाची एकुलती एक पोरगी. बी.एड. झाली होती, शाळेत शिकवत होती, बोलणं मोजकं. स्थळं येत. आन इथं काकाची अट आडवी येई. पोराले घरी चहा-पोह्यावर पाहाची पद्धत काकाले मंजूर नव्हती. "पोहे खाताना सगळेच चांगले दिसतात." त्याले शनिवारी सायकल घेऊन बोलावत, रानात मुक्कामाले नेत, आन एकच गोष्ट पाहत. वाटेत त्यानं 'अजून किती राहिलं?' असं विचारलं, की स्थळ संपलं.

हा नियम पोराले सांगत नसत. एक इंजिनियर आला होता, त्यानं जकात नाक्यावरच विचारलं. दुसऱ्यानं कामठीच्या आत. तिसरा चांगला चालला होता, पण रामटेकचा डोंगर दिसाले लागल्यावर म्हणाला, "ते रामटेकच ना? मंग आता किती?" काकांनी तिथंच सायकल वळवली.

काकू चिडे. "एका प्रश्नापायी पोरीचं लग्न अडवून ठेवता काय?"

"जो रस्त्यात विचारते तो संसारातही विचारन."

"मी तर लग्न झाल्यापासून हेच विचारून राहिली, अजून किती राहिलं."

"मोठ्यानं विचारलं काय कधी?"

काकू कढईकडं वळे.

मंग मौद्याहून एक स्थळ आलं. शाळेत गणिताचे मास्तर, घरी धानाची शेती. निरोप मध्यस्थाच्या मार्फत, अगदी रीतसर. पण ताई आन ते मास्तर बी.एड.ले एकाच वर्गात होते, हे काकूले माहीत होतं, मले माहीत होतं, आन काकाले कोणीच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी ताई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मले जवळ बोलावलं.

"उद्या तू त्याच्या बाजूनंच सायकल चालव. बोलत राह्य त्याच्याशी."

"नियम सांगून टाकू काय त्यायले?"

"नाही. सांगून पास झाला तर बाबाले मी काय तोंड दाखवू? तू फक्त बोलत राह्य."

"आन विचारलंच तर?"

तिनं एक खडा काढून दूर फेकला. "मंग मी दुसऱ्या कोणाले हव म्हणणार नाही. तुले सांगून ठेवते. बाबाले नाही सांगितलं."

एवढं ती एका दमात पहिल्यांदाच बोलली असन. मीही खाली बसून तिच्यासोबत खडे निवडाले लागलो.

शनिवारी मास्तर आले. उंच, अंगानं भरलेले, चेहरा इतका सज्जन की कोणीही त्यायच्याजवळ पिशवी ठेवून जाईन. पण सायकल शाळेच्या चपराशाची, आन मौद्याहून नागपूरपर्यंत एसटीच्या टपावर आणलेली. काका त्या सायकलकडं पाहत राहिले. "सायकल बसनं आली," असं मले तीनदा हळूच सांगितलं.

मास्तरचं बोलणं मोठं मजेचं. हळू, नाकातून, आन प्रत्येक वाक्याआधी "म्हंजे कसं आहे की". मी पहिल्या वळणावरच ते उचललं.

जाताना मी बोललो, बाप्पा, किती बोललो. गणिताचा माणूस, त्याच्या डोक्यात अंतरं आन वेळा आपोआपच चालू. मैलाचा दगड दिसला की त्याचे ओठ हलत.

"म्हंजे कसं आहे की, अजून कि..."

"किती मोठं वडाचं झाड आहे, नाही मास्तर?" मी.

थोड्या वेळानं, "म्हंजे, आता इथून..."

"इथून उजवीकडं माह्या मावशीचं गाव," मी. तिकडं माही कोणतीच मावशी नव्हती.

काका पुढं, कान मागं. असं करत करत कन्हान गेलं, मनसर गेलं, आन दिवस मावळून गेल्यावर आम्ही रामटेकच्या पुढं तलावाजवळ पोचलो. धान कापून झालेलं वावर, मालकाची परवानगी, खाली अंथराले त्यानं दिलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा. काका झोपून पाहाले लागले तसे मास्तरही काही न विचारता बाजूले झोपले. त्यायले खरंतर उठताच येत नव्हतं, पण काकाले ते आवडलं.

पानगे झाले. जेवताना काका म्हणाले, "काटोल, कर काही." मी कंडक्टरची केली, शेजारच्या डाक्टरची केली, काकाचीही केली. मंग म्हटलं होऊन जाऊ दे, मास्तरचीच केली. "म्हंजे कसं आहे की, हा पानगा आन मी, आम्ही दोघंही आरातच आहोत." काका इतके हसले की मफलर सुटला. मी मास्तरकडं पाहिलं. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "चांगली आहे. पण 'की' जरा लांबवाची. म्हंजे कसं आहे कीऽऽ. असं." मले करून दाखवाले लावलं, मान हलवली, पुन्हा कराले लावलं. शाळेत मले कोणी इतक्या मायेनं काही शिकवलं नव्हतं.

सकाळी उठलो तर मास्तर जागेवर नव्हते. चुलीचा खड्डा बुजवलेला, राख मातीखाली, चुलीचे दगड ज्या बांधावरचे होते त्या बांधावर परत. तणसाचा भारा बांधून मास्तर मालकाच्या घरी नेऊन द्याले गेले होते, चालताना एक पाय इकडं आन एक तिकडं टाकत. हे त्यायले कोणी सांगितलं नव्हतं. मले हे शिकवाले काकाले दोन हिवाळे लागले होते.

काका बांधावर उभे राहून त्या बुजवलेल्या खड्ड्याकडं पाहून राहिले. मंग मफलर आवळला आन माह्याजवळ येऊन म्हणाले, "पोट्टा बरा आहे, काटोल."

"हव काका."

"आजचा दिवस काढला पाहिजे त्यानं. विचारलं नाही पाहिजे." ते असं म्हणाले जसं काही हा नियम दुसऱ्याच कोणाचा होता.

परतीले मनसर सुटलं आन धुकं उतरलं. असं धुकं की स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक अंदाजानं आहे म्हणाचं. काकाचा हुकूम: सगळ्यांनी घंटी वाजवत चालाचं, काका सगळ्यात पुढं, मी मधात, मास्तर मागं. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. मी मागं वळून बोलून राहिलो होतो, पण धुक्यात बोलणंही विरून जाई. मास्तरची घंटी लांब पडत चालली. मी थांबलो. थांबलो ते चुकलंच, कारण मी त्यायच्याकडं जाच्या आत त्यायचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, सरळ काकाले:

"काका. म्हंजे कसं आहे कीऽऽ, अजून किती राहिलं?"

पुढची घंटी थांबली.

मले ताईनं फेकलेला तो खडा आठवला. धुक्यातून काका सायकल हातात धरून उलटे येऊन राहिले होते. आधी मफलर दिसला, मंग चष्मा. मागून मास्तरही आले, तेही सायकल ढकलत. आम्ही तिघं एकमेकांच्या इतके जवळ उभे की सायकलायची हँडलं एकमेकांले लागली.

"कोणं विचारलं?" काका.

मास्तरनं तोंड उघडाच्या आत मी उघडलं. "म्हंजे कसं आहे कीऽऽ, मी विचारलं काका. नक्कल करून राहिलो होतो." 'की' बरोबर लांबवला होता, शिकवल्यासारखा.

काकांनी सायकल स्टँडवर लावली.

"नाही काका," मास्तर म्हणाले. "यानं नाही, मीच विचारलं. माहं बूड दुखून राहिलं आहे. आन काकूले मी दुपारी जेवाले येतो म्हणून सांगितलं आहे, त्या थांबतीन. म्हणून विचारलं. हा उगाच माहं वझं घेऊन राहिला."

मी म्हटलं, "पाहा काका, आता हे माही नक्कल करून राहिले."

काकांनी चष्मा काढला. धुक्यानं दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. मफलरच्या टोकानं एक काच पुसली, मंग दुसरी, मंग पुन्हा पहिली. मास्तरकडं पाहिलं. माह्याकडं पाहिलं. पुन्हा मास्तरकडं, खालपासून वरपर्यंत, हातावर अजून चुलीची राख होती तिथंपर्यंत. मंग चष्मा घातला आन माह्याकडं वळले.

"काटोल."

"जी."

"सायकलवर बस. माह्या बाजूनं चाल."

आन सुरू झालं.

"तुह्या बापानं तुले नागपूरले शिकाले पाठवलं का नकला कराले? माही केली, मी काही बोललो? काकूची केली, तर तिनं तुले वरून चहा पाजला. डाक्टरची केली, तर त्याचे पेशंट तुह्या खोलीत येऊन जीभ दाखवाले लागले. सगळं सहन केलं मी. पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते बे. असं धुकं पडलेलं, माणूस उपाशीपोटी, बिचारा चुपचाप आपली वाट चालून राहिला, आन तू त्याच्या आवाजात भलतंसलतं विचारून राहिला? रस्त्यावर, मोठ्यानं? आन नक्कल कोणाची? माह्या जावयाची?"

मागं खडखड झाली. मास्तरचा पाय पायडलवरून घसरला होता.

"काका," मागून आवाज आला, "म्हंजे कसं आहे की, खरंच ते मी..."

"तुम्ही मधात बोलू नका जी," काका मागं न पाहता म्हणाले. "मी तुमच्याच बाजूनं बोलून राहिलो."

  मंग मागून घंटी वाजाले लागली. एकदा, दोनदा, मंग एकसारखी. धुकं आता बरंच उठलं होतं, कन्हानचा पूल साफ दिसून राहिला होता, घंटीची काहीच गरज नव्हती.

काकाचं चालूच होतं. पुलावर आवाज घुमे म्हणून तिथं जरा मोठ्यानं झालं. "घरी गेल्यागेल्या ताईले सांगतो मी. तुह्या होणाऱ्या नवऱ्याची ह्या पोट्ट्यानं भर रस्त्यात टिंगल केली म्हणून. मंग ती पाहून घेईन तुले."

"हव काका."

"काकूचा चहा बंद."

"हव काका."

"पुढच्या शनिवारी तंबू तुह्या कॅरियरवर. खुंट्याही तूच घेशील."

"हव काका."

"आन कायले हसून राहिला बे तू? मी तुले झाडून राहिलो ना?"